शिधा महिन्याचा, शाळा बारा वर्षांची

रमजानचा चांद दिसला की गावोगावी शिधावाटपाची गडबड सुरू होते. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, खजूर आणि ईदच्या शिरखुर्म्यासाठी शेवया असे सगळे एका पिशवीत बांधले जाते. या पिशवीला आता सगळेच ‘किट’ म्हणतात. राणीसावरगाव असो की गंगाखेड, ज्या घरात कमावता माणूस उरलेला नाही त्या घरी हे किट पोहोचावे, अशी धडपड असते. देणारे मनापासून देतात आणि घेणाऱ्या घराला आधारही होतो. रोजा ठेवणाऱ्या विधवेच्या चुलीवर सहरीला काही शिजावे, ही साधी माणुसकी आहे. तिला नावे ठेवण्यासारखे काही नाही.

प्रश्न ईदनंतरचा आहे. किटमधले तेल आणि साखर ईद झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत संपते. त्याच घरातल्या सातवीतल्या मुलीला बारावीपर्यंत पोहोचायला मात्र अजून पाच वर्षे लागणार असतात. वह्या-पुस्तके, परीक्षेची फी, गावात पुढचे वर्ग नसतील तर बाहेरगावी राहण्याची सोय, आजारपणात बुडालेल्या अभ्यासाची भरपाई, हा खर्च वर्षभर चालूच असतो. किती पिशव्या वाटल्या, एवढ्यावरच दानाची मोजणी होत राहिली तर या मुलीचा हिशेब कोणाच्याच वहीत येत नाही.

जकातीची खरी ताकद

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जकात हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक. ज्याच्याकडे गरजा भागवून आणि देणी वजा जाता साडेसात तोळे सोने, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, त्याने त्यातला अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो. चार लाखांची बचत असेल तर दहा हजार रुपये. ही मेहरबानी नाही, तो गरिबाचा हक्क मानला जातो. सदका हे ऐच्छिक दान. फितरा हे ईदच्या नमाजाआधी द्यायचे छोटे दान, घरातल्या प्रत्येक माणसामागे एक. जकात वर्षातल्या कोणत्याही महिन्यात देता येते, पण रमजानमध्ये पुण्य अधिक म्हणून बहुतेक लोक याच महिन्यात हिशेब करतात.

दोन गोष्टी फारशा बोलल्या जात नाहीत. पहिली, जकात दरवर्षी देणे बंधनकारक आहे. म्हणजे ज्याच्याकडे आज शिल्लक आहे, त्याच्याकडून पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही ती येण्याची शक्यता मोठी. एवढ्या नियमाने येणारा पैसा एकेका महिन्यापुरता विचार करून खर्च केला जातो. दुसरी गोष्ट यतीमांची, म्हणजे बाप गेलेल्या मुलांची. यतीम मुलांना सांभाळण्याचा, त्यांच्या मालमत्तेला हात न लावण्याचा आग्रह कुराणात पुन्हा पुन्हा आहे. पैगंबर मुहम्मद स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. पुढे आजोबांनी आणि त्यांच्यानंतर काकांनी त्यांना मोठे केले. कोणीतरी एक माणूस सतत पाठीशी राहिला, हे त्या बालपणातले महत्त्वाचे.

असे पाठीशी राहणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका माणसाचे काम पाहण्यासारखे आहे. ते काम मात्र चालते काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेजवळच्या कुपवाडा जिल्ह्यात.

कुपवाड्यातले घर

१९८९-९० पासून काश्मीर खोऱ्यात सशस्त्र संघर्ष पेटला. कुपवाडा सीमेवरचा जिल्हा, त्यामुळे घुसखोरी, चकमकी, तोफांचा मारा हे सगळे त्याच्या वाट्याला आले. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २०१२ च्या सुमारास मांडलेल्या अंदाजानुसार जम्मू-काश्मीरमध्ये २ लाख १४ हजार मुले यतीम होती आणि त्यांपैकी ३७ टक्के मुलांचे छत्र संघर्षामुळे हरपले होते. याशिवाय ज्यांचे पती बेपत्ता झाले आणि जिवंत आहेत की नाहीत हेच कळले नाही, अशा बायका. त्यांना तिकडे ‘अर्ध्या विधवा’ म्हणतात. मृत्यूचा दाखला नाही म्हणून मदत नाही, वारसाहक्क नाही. दुसरे लग्न करावे की नाही, हेही ठरेना. अखेर २०१३ च्या डिसेंबरमध्ये काश्मीरमधल्या उलेमांनी एकत्र बसून चार वर्षे वाट पाहिल्यानंतर त्यांना पुनर्विवाहाची मुभा दिली. तोवर अनेकींची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

अधिक कदम हे मूळचे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. पुण्यात शिकत असताना १९९७ मध्ये ते काश्मीरला गेले आणि तिथलेच झाले. २००२ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन ही संस्था उभी केली आणि कुपवाड्यात मुलींसाठी एक घर सुरू केले. सुरुवातीला मुली होत्या चार. घराचे नाव ‘बसेरा-ए-तबस्सुम’, हास्याचे घरटे. पुढे अनंतनाग, बडगाम आणि जम्मूमध्येही अशी घरे झाली.

मुलीच का, याचे उत्तर तिथल्या परिस्थितीत होते. काश्मीरमध्ये स्थानिक लोकांनी चालवलेले यतीमखाने आधीपासून होते आणि आजही आहेत. रमजानमध्ये जमणाऱ्या जकातीवर त्यांचा मोठा भार असतो. त्या लोकांचे काम कमी लेखून चालणार नाही. पण यतीमखान्यात मुलगा पाठवणे जेवढे सोपे होते, तेवढे मुलगी पाठवणे नव्हते. बाप गेलेल्या मुलीपुढे नातेवाइकांच्या घरचे काम किंवा लवकर लग्न हेच रस्ते उरत.

परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या तरुणाने मुलींसाठी घर काढले म्हटल्यावर संशय येणारच. हा कोणाचा हेर आहे का, मुलींना बाहेर नेणार का, धर्म बदलणार का, असे प्रश्न गावकऱ्यांना पडले. बंदूकधाऱ्यांनी कदम यांना अडवले, चौकशीला नेले. त्या मातीत एवढे काही घडून गेले होते की असा संशय न येता तरच नवल. त्यावर भाषण देऊन उपयोग नव्हता. मुली त्यांच्याच खोऱ्यात, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच धर्मरीतीत वाढत आहेत, शाळेत जात आहेत, सुटीत आईला भेटायला घरी येत आहेत, हे गावाने वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले. मग ज्यांनी शंका घेतली, त्यांच्यापैकीच काही जण गरजू मुलींचे पत्ते सांगू लागले. विश्वास मिळायला वेळ लागला, तो पैशाने लवकर मिळाला नसता.

या घरातली आणखी एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. कोणा मुलीचा बाप दहशतवाद्यांच्या गोळीने गेला, कोणाचा सुरक्षा दलांच्या, कोणाचा दोघांच्या मधे सापडून. कोणाचा बाप स्वतःच बंदूक घेऊन गेला होता. घरात घेताना यातला फरक केला जात नाही. हे वाचायला सोपे आहे, करायला फार अवघड. मेलेल्या बापाचा हिशेब जिवंत मुलीकडून वसूल करण्याची खोड सगळ्याच समाजांना असते. यतीमाची व्याख्या करताना इस्लामने मात्र बाप कोण होता, कसा होता, असे विचारलेले नाही. बाप नाही, एवढेच पुरेसे मानले आहे.

मराठवाड्याला हे परके नाही

कुपवाडा दूर आहे, तिथले युद्ध तिथे, असे कोणी म्हणेल. पण युद्धाने मोडलेली घरे मराठवाड्यानेही पाहिली आहेत. निजामी राजवटीच्या शेवटच्या काळात रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य हिंदू कुटुंबांना घरदार सोडून संस्थानच्या सरहद्दीपलीकडे आसरा घ्यावा लागला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांत आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून चौकशी केली. मृतांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार होता आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत परभणीच्या शेजारचा नांदेड होता. हा अहवाल सर्वसामान्यांना वाचायला मिळेपर्यंत २०१३ उजाडले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू समितीला ठिकठिकाणी आढळले. विशेषतः विणकरांचा उल्लेख आहे. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि त्यात स्वतःची माणसेही गमावली. दोघांच्या हातात एकच धंदा होता आणि दुःखातही ते एकमेकांपासून तुटले नाहीत.

१९४८ नंतर मराठवाडा सावरला तो कशाने, याचे उत्तर शोधले तर शाळा-कॉलेजांची नावे पुढे येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. डॉ. रफिक झकेरिया यांनी त्याच शहरात १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. राष्ट्रीय शाळेत मास्तरकी करून पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे आणि परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९४८-४९ मध्ये वाटलेले धान्य त्या वेळी जीव वाचवून गेले. पुढच्या पिढ्यांना उभे केले ते या संस्थांनी.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचीही तीच गोष्ट. मदतीचे ट्रक सगळ्या देशातून आले. काही महिन्यांत ते थांबले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी मात्र भूकंपग्रस्त गावांमधली सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना सांभाळले. संजय नहार यांच्या ‘सरहद’ संस्थेनेही काश्मीरमधल्या मुलांना पुण्यात आणून शिकवले. कोणी मुलांना आपल्याकडे आणले, कोणी मुलांकडे जाऊन राहिले. पद्धत वेगळी असली तरी मूल शिकून बाहेर पडेपर्यंत हात सोडायचा नाही, हे दोन्हीकडे सारखे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर काही रास्त आक्षेप येतील. पहिला असा की शरिअतने आधी जवळच्याला द्यायला सांगितले आहे, मग कुपवाड्याची उदाहरणे कशाला? आक्षेप बरोबर आहे. जकात आधी नात्यातल्या, शेजारच्या, गावातल्या गरजूला द्यावी असेच उलेमा सांगतात. म्हणूनच कुपवाड्याला पैसे पाठवा, असे येथे कोणी सुचवत नाही. कुपवाड्याकडून घ्यायची ती रीत.

दुसरा आक्षेप फिकहचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या नियमांचा. हनफी मतानुसार जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा झाला पाहिजे. त्यातून मशिदीची भिंत बांधता येत नाही, तशी शाळेची इमारतही नाही. हे खरे आहे, आणि या नियमामागे शहाणपण आहे. जकात इमारतीत अडकत नाही, ती माणसापर्यंत पोहोचलीच पाहिजे. यतीम मुलीच्या हातात, किंवा तिच्या आईच्या खात्यात, फी आणि वह्यांसाठी ती देता येते. तेव्हा इमारतीसाठी सदका वापरावा, मुलीसाठी जकात.

तिसरा आक्षेप मिश्र वस्तीच्या गावात हमखास येतो. जकात बहुतेक मतांनुसार मुस्लिम गरजूंसाठी आहे, मग गावातल्या इतरांचे काय? त्यासाठी सदक्याचा दरवाजा उघडा आहे. तो कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो, आणि भुकेल्या शेजाऱ्याला बाजूला ठेवून पोटभर जेवणे इस्लाममध्ये निंद्य मानले आहे.

राणीसावरगावचा हिशेब

युद्ध नसले तरी घरे मोडतात. गंगाखेड तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली जोडपी उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, म्हणजे हंगाम सुरू असतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल शाळेच्या पटावर राहते, वर्गात नसते. मागे ठेवलेली मुलगी वयात आली की आईबापांचा जीव टांगणीला लागतो आणि तिचे हात पिवळे करण्याची घाई होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. यात कोणत्या एका धर्माचा प्रश्न नाही.

नापिकी आणि कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याचे घर पाहा. पात्र ठरल्यास सरकार एक लाख रुपये देते, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. तीस हजार सावकाराचे व्याज आणि दिवसकार्यातच संपतात. पुढे त्या मुलांसाठी योजना आहेत. एक पालक असलेल्या वा अनाथ मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची तरतूद आहे. पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचे चुकलेले नाव, बँकेचे खाते, बोनाफाईड यांच्या मागे तहसीलला खेटे घालणार कोण? मजुरी बुडवून ती बाई किती वेळा जाईल? कुपवाड्यात अर्ध्या विधवा एका दाखल्यावाचून अडल्या होत्या. इथेही कित्येकींचे घोडे दाखल्यापाशीच अडते.

म्हणून किट वाटणाऱ्या तरुणांना एक सुचवावेसे वाटते. किट चालू ठेवावे, पण सोबत एक वही उघडावी. गावातली बाप नसलेली, किंवा शाळा सुटण्याच्या बेतात असलेली दहा मुले निवडावीत. वर्षाला दहा हजारांची जकात देणारी दहा माणसे मिळाली तर एक लाख रुपये उभे राहतात. सदका आणि गावातल्या इतर दात्यांचे दान वेगळ्या खात्यात ठेवावे, म्हणजे जकातीचा नियमही पाळला जाईल आणि कोणत्याही जातीधर्माचे मूल मागे राहणार नाही. रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमध्येही अन्नदान करणारे हात कमी नाहीत, त्यांना या वहीत सामील व्हायला आवडेल. वही सांभाळायला एक शिक्षक, घरोघरी जाऊन आयांशी बोलू शकेल अशी एक बाई आणि अर्ज भरण्यात वाकबगार असलेला एक तरुण एवढी माणसे पुरेत. पैशाइतकीच, खरे तर जास्तच, गरज आहे ती या तिघांच्या वेळेची.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. फोटो नको. जकात देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगण्याचीही सक्ती नाही. ईदी म्हणून, पुस्तकांसाठी म्हणून दिली तरी ती अदा होते. ज्या धर्माने घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढी काळजी घेतली, त्याच्या नावाने पिशवी हातात देऊन विधवेला कॅमेऱ्यापुढे उभे करणे शोभत नाही. उद्या तिची मुलगी तोच फोटो वर्गमैत्रिणीच्या मोबाईलवर पाहील, एवढा विचार केला तरी पुरे.

पुढच्या रमजानला वही उघडून एकच प्रश्न विचारावा. गेल्या वर्षीच्या दहांपैकी किती मुले अजून शाळेत आहेत? नऊ असतील, तर दहाव्याच्या घरी जाऊन यावे. तेही ईदच्या आधीच.